अस्सल बरहुकूम

भाद्रपदाच्या वद्य पक्षात, महालय दोन दिवसांवर आलेला असताना, मोठी पितळी पातेली काढण्यासाठी माळ्यावर चढलेल्या धाकट्या भावाने पातेल्यांबरोबर एक पत्र्याची पेटीही खाली आणली, आणि तीत आजोबांच्या पटवारगिरीच्या काळातील रुमालात बांधलेल्या दोन-तीन दप्तरांच्या शेजारी, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या अकरा व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. एकीवर पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखाली माझ्या बहिणीच्या लग्नाची तारीख होती, 1994 सालच्या वैशाखातली. त्या लग्नानंतर दीड वर्षाने आमची आजी गेली. तिचे हलते-चालते रूप जगात कोठे शिल्लक असेल तर ते या एका फितीवर, आणि तेही मिनिटभराहून अधिक नव्हे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही वीस-पंचवीस वर्षांत ते पाहावे असे कोणालाच वाटले नाही, हेही खरेच.

चितेगावात राहून अशी कॅसेट चालवणारे यंत्र शोधत हिंडावे लागावे, यात दैवाचा काहीसा विनोद आहे. पैठण रस्त्यावर 14 किलोमीटरच्या दगडाशी, याच गावाच्या शिवारात, ज्या कंपनीच्या नावाचा आरंभच ‘व्हिडिओ’ या शब्दाने होतो त्या व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला, आणि ज्या जमिनीत आमच्या वाडवडिलांनी जोंधळा पेरला तिच्यावरून रंगीत दूरचित्रवाणी संच देशभर गेले. 2018 सालच्या जूनमध्ये त्या कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्यान्वये न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले. त्याच्या दोन वर्षे आधी, 2016 च्या जुलैत, जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबवले होते, आणि जगात ते यंत्र बनवणारे दुसरे कोणी उरले नव्हते. जेव्हीसी कंपनीने 1976 साली बाजारात आणलेली व्हीएचएस फीत अशा रीतीने चाळीस वर्षांत निराधार झाली. पैठणला, म्हणजे शातवाहनांच्या राजधानीला, जाणाऱ्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला चाळीस वर्षे हा काळ मोजण्यायोग्यसुद्धा वाटू नये.

अखेर शहरातील एका जुन्या गल्लीत एक तरुण भेटला. त्याच्याजवळ दुरुस्त करून चालते ठेवलेले दोन व्हीसीआर होते. त्याने कॅसेटीची झडप उचलून उजेडात धरली. फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढऱ्या बुरशीची बारीक नक्षी उमटली होती. ‘‘काका, ही अशीच लावली तर हेड जाईल,’’ तो म्हणाला, आणि त्याने ती आधी साफसफाईसाठी बाजूला ठेवली. मग त्याने यंत्राचे झाकण काढून आतील तिरपे लकाकणारे नळकांडे दाखवले: ते मिनिटाला 1500 फेरे घेते, आणि अर्ध्या इंचाच्या त्या फितीवर चुंबकीय कणांत लिहिलेल्या तिरप्या रेघा वाचत जाते. कणांना धरून ठेवणारा लेप आर्द्रतेने सैल पडला की लेप झडतो, आणि लेपाबरोबर माणसेही झडतात. परंतु मला सर्वांत विलक्षण वाटली ती त्याने अगदी सहज सांगितलेली गोष्ट. तीन तासांची फीत उतरवून घ्यायला तीनच तास लागतात. धावते पुढे नेऊन चालत नाही. जितका वेळ ते लग्न चालले, तितका वेळ यंत्रासमोर ते पुन्हा लागले पाहिजे. पोथीच्या पारायणात पाने उलटून पुढे जाता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पेटीतील आजोबांच्या दप्तरांनी या प्रकरणात मला नको तितके विचारात पाडले. निजामाच्या अमलातील त्या कागदांवर नकलेच्या पायथ्याशी एक शेरा असे. मराठी कारकून ‘अस्सल बरहुकूम’ असे लिहीत, उर्दू कचेरीत ‘नकल मुताबिक असल’ असे लिहीत. शेऱ्याखाली रुजवात घेणाऱ्याची सही. एकाने अस्सल वाचायचे, दुसऱ्याने नक्कल डोळ्यांसमोर धरून ऐकायचे, आणि दोन्ही जुळल्याची खात्री पटल्यावर आपले नाव खाली घालायचे. नक्कल अस्सलासारखी दिसते एवढ्यावर तिला किंमत येत नसे. कोणा एका हयात माणसाने तिची जबाबदारी पत्करली, म्हणून ती तहसिलीत चाले. डिजिटल नकलेची गोष्ट वरवर पाहता याच्या उलट आहे. तेथे शंभरावी नक्कल पहिलीहून तिळमात्र उणी नसते, मग अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हा भेदच मावळतो. भेद मावळला म्हणजे रुजवातीचे कामही संपले, असे प्रथमदर्शनी वाटते.

विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त ‘चित्रदीप’ नावाचे सहावे प्रकरण आहे. आज सिनेमाला आपण देतो तो ‘चित्रपट’ हा शब्द तेथे चौदाव्या शतकातच, शब्दशः चित्राचा पट म्हणजे चित्र काढलेले वस्त्र या अर्थाने, आलेला आहे. धुतलेले वस्त्र, खळ देऊन घोटलेले वस्त्र, रेघांनी आखलेले वस्त्र आणि रंग भरलेले वस्त्र या चार अवस्थांच्या दृष्टांताने ते चित्, अंतर्यामी, सूत्रात्मा आणि विराट अशा परमात्म्याच्या चार अवस्था समजावतात. पुढे ते आणखी एक मार्मिक गोष्ट दाखवतात: चित्रातील माणसांच्या अंगावर जी वस्त्रे रंगवलेली असतात ती आधारभूत वस्त्रासारखी भासतात, परंतु ते वस्त्र नव्हे, वस्त्राचा आभास होय. वेदान्त्याच्या हिशेबी पट खरा आणि चित्र कल्पित. आपण मात्र आज नेमके उलटे करून बसलो आहोत. फीत कुजते, तबकडी चरे पडून निकामी होते, हार्ड डिस्क एके दिवशी नुसती खरखर करून थांबते, आणि दर वेळी आपण चित्र उचलून नव्या पटावर ठेवतो. पट नश्वर आणि चित्र तेवढे नित्य, अशी या व्यवहारामागची मुकाट श्रद्धा आहे. ही श्रद्धा मला सर्वथा चुकीची वाटत नाही, पण तिच्यात नातवाचा मोह किती आणि विवेक किती याची छाननी व्हायला हवी.

कारण ज्या पितृपक्षात ही पेटी उघडली, त्या पितृपक्षाचे शास्त्र स्मृतीविषयी फार निराळे बोलते. श्राद्धात नावागोत्राने उच्चार होतो तो तीन पिढ्यांचा: पिता, पितामह, प्रपितामह, म्हणजे अनुक्रमे वसुरूप, रुद्ररूप, आदित्यरूप. त्यांच्यापलीकडच्या तिघांना लेपभाज म्हणतात. पिंड देऊन झाल्यावर हाताला चिकटून राहिलेला जो अन्नाचा लेप दर्भांवर पुसायचा, तेवढाच त्यांचा वाटा. मृत मनुष्य आधी प्रेत असतो, आणि सपिंडीकरणात त्याचा पिंड मोडून पूर्वजांच्या तीन पिंडांत मिसळला म्हणजे तो पितर होतो. हा मोडण्याचा विधी लहानपणी मला क्रूर वाटत असे. आता त्यातील करुणा दिसते. मनुष्याला त्याच्या खोकल्यापासून, हट्टापासून, तांबूल खाण्याच्या त्याच्या विशिष्ट लकबीपासून सोडवून वंशाच्या एका शांत समूहात बसवणे, आणि नातवंडा-पतवंडांना स्मरणाच्या अनंत ओझ्यातून मोकळे करणे, असा हा दुहेरी उपकार आहे. फीत या सर्वांविरुद्ध साक्ष देते. ती मृताची लकबच तेवढी जपून ठेवते. त्या शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर आपण आजीला 1994 च्या वैशाखात प्रेतरूपाने अडवून धरले आहे काय, हा प्रश्न दुकानातील प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी स्वतःला विचारला, आणि लाजेने इकडेतिकडे पाहिले.

आणि मग ती पडद्यावर आली. ओसरीवर, खांबाला पाठ टेकून, समोर अक्षतांची परात. हॅलोजनचा झोत अंगावर येताच तिने डोळे मिचकावले, डाव्या हाताने पदर पुढे ओढून तोंड अर्धे झाकले, आणि पदराआडून ओठ हलवत काहीतरी म्हटले. काय म्हटले ते ऐकू आले नाही. शूटिंगवाल्याने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मूळ आवाज पुसून आरंभापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी भरली होती, आणि मधूनमधून बदाम आणि गुलाबाची फुले पडदाभर फिरवली होती. विद्यारण्यांचा वस्त्राभास मी तेथे समक्ष पाहिला: फितीच्या पटावर आभासमात्र असलेला तो पदर एका आभासमात्र चेहऱ्याला खऱ्याखुऱ्या लाजेने झाकत होता. तिला आपले चित्र निघायला नको होते, हे इतके स्पष्ट होते की ते जतन करण्याचा आपल्याला अधिकार कोणता, हेही मनात आल्यावाचून राहिले नाही.

तरुण गुणी होता. म्हणाला, सॉफ्टवेअरने चेहरा साफ करून देतो, पापण्यासुद्धा दिसतील. हवे तर ओठांवरून बोलणेही बसवता येईल. त्याने नमुना म्हणून दुसऱ्या कोणाच्या आजीचा असा उजळलेला चेहरा दाखवला. त्यावर एकही सुरकुती नव्हती आणि तो कोणाचाच नव्हता.

येथून बिडकीन, आणि तोच रस्ता पुढे पैठणला जातो. पैठणच्या नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी पूर्ण केली. ग्रंथ शके 1212 चा. मधल्या तीन शतकांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, आणि कित्येकांनी भक्तीच्या भरात स्वतःच्या ओव्याही आत सोडल्या होत्या. नाथ स्वतः ज्ञानेश्वरीच्या तोडीची ओवी लिहू शकणारे कवी. जेथे पाठ तुटला तेथे आपली ओवी घालून तो सांधणे त्यांना किती सोपे होते! त्यांनी निरनिराळ्या प्रती समोर ठेवून शुद्धी केली, आणि शेवटी बजावून ठेवले की यात पदरची ओवी मिसळणारा अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवतो. भक्तीची कसोटी त्यांनी संयमात ठेवली. आपली ओवी न घालणे, हे रुजवात घेणाऱ्याचे पहिले कर्तव्य. शूटिंगवाल्याची गाणी ही एक करवंटी होतीच. सॉफ्टवेअरच्या पापण्या ही तिच्याहून मोठी, कारण गाणे कोणी आजीचा आवाज समजणार नाही, पण त्या पापण्या माझी नात आजीच्याच समजेल. मी त्या तरुणाला सांगितले, बुरशी काढ, रेघा राहू देत, आणि चेहऱ्याला हात लावू नकोस.

ऋण फेडायचे ते एवढ्याच मर्यादेत, असे माझे मत होत चालले आहे. तीन पिढ्या ही शास्त्राची मुदत मला पुरेशी वाटते. परंतु त्या मुदतीत का होईना, नकलेखाली सही करणारा कोणी तरी हवा. अन्यथा हार्ड डिस्कवरील ती सारी माणसे, कितीही स्वच्छ उतरली तरी, नावागोत्रावाचून भटकणारी मंडळी होत. आणि सही करू शकणारी आमच्या घरात एकच व्यक्ती उरली होती.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी आत्या आली. वय ब्याऐंशी, दृष्टी अधू, पण स्मरण कुळकायद्याच्या निकालासारखे पक्के. मी भावाच्या मोठ्या पडद्यावर नक्कल लावली आणि वही घेऊन शेजारी बसलो. गाण्याचा आवाज पूर्ण बंद केला. ती एकेक चेहरा सांगत गेली: हा सोनपेठचा व्याही, हा आपला सालगडी, ही तुझ्या काकूची बहीण, हिच्यावरून तेव्हा मोठे रामायण झाले होते, ते लिहू नको. मी लिहिले नाही.

ओसरीचा खांब दिसताच ती पुढे सरकली. आजीचे ओठ हलले, आणि तेवढ्यातच आत्या म्हणाली, ‘‘माझं काय काढतोस रे बाबा, नवरीचं काढ.’’

‘‘तुला ऐकू आलं?’’

‘‘अरे, मी तिथंच होते की. परातीच्या पलीकडं. माझा हात दिसतोय बघ.’’

खरोखरच परातीच्या कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात होता, तो मी तीनदा पाहूनही पाहिला नव्हता. वहीत मी लिहिले: एक तास बारा मिनिटे, आजी, पदर, बोल पुसलेले, आत्याच्या सांगण्यावरून नोंदले. समासात आत्याची सही घेतली. तिने ती मोडीत केली. आजीच्या मागून एक बाई घागर घेऊन आत जाते, तिच्यापाशी मी चित्र थांबवले. आत्याने चष्मा पुसून बराच वेळ पाहिले. दोनदा मागे न्यायला सांगितले. मग मान हलवली, आणि मी पुढच्या ओळीत ‘घागरवाली, ओळख पटली नाही’ असे लिहून चित्र पुढे चालू केले.