गुणिले नव्वद

हिंजवडीच्या फेज टूमधल्या कुठल्याही कँटीनमध्ये बाहेरच्या ऑफरचा विषय निघाला की आधी गुणाकार होतो, मग भागाकार. गुणाकार ज्याला जायचंय तो करतो: वर्षाचा पगार गुणिले नव्वद, युरो असेल तर गुणिले शंभर. भागाकार जाऊन आलेला करतो. भाडं एवढं, पाळणाघर एवढं, केस कापायला पंचवीस युरो, प्लंबर दारात आला की मीटर सुरू. शेवटी 'म्हणजे इथले पस्तीस लाख आणि तिथले सत्तर हजार युरो एकच की रे' असा निवाडा होतो आणि सगळे आपापल्या मजल्यावर जातात. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडल्यापासून गुणाकारवाल्यांना जरा जोर आलाय, एवढंच.

मला दोघांचंही पटत नाही. जगायला लागणाऱ्या गोष्टी सगळीकडे त्याच, फक्त त्यांचा भाव वेगळा, असं दोघंही गृहीत धरतात. पण वाकडमध्ये आणि स्टुटगार्टमध्ये विकायला ठेवलेला मालच वेगळा आहे. इथे दुसऱ्याचा वेळ स्वस्तात मिळतो आणि सार्वजनिक सोयी खाजगीत विकत घ्याव्या लागतात. तिथे दुसऱ्याचा वेळ परवडत नाही आणि सोयी करात येतात. हे रुपयात मांडता येतं. मात्र मांडायला बसलं की स्वस्ताई नेमकी कोणाच्या खिशातून येते तेही कागदावर उतरतं, आणि ते फारसं सुखाचं नाही.

भागाकारवाल्यांचं आवडतं शस्त्र म्हणजे क्रयशक्तीचा दर. 'द इकॉनॉमिस्ट'ने १९८६ मध्ये बर्गरच्या किमतीवरून चलनं मोजायचा खेळ सुरू केला, तो याचाच लोकप्रिय अवतार. गंभीर अवतार जागतिक बँकेच्या तुलना-कार्यक्रमाचा. त्यानुसार २०१७ मध्ये बाजारात डॉलर ६५ रुपये १२ पैशांना होता, पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं तेवढं भारतात सरासरी २० रुपये ६५ पैशांत मिळत होतं. म्हणून जाणकार सांगतो की पासष्टने कशाला गुणतोस, विसाने गुण.

यातला 'सरासरी' हा शब्द कोणी ऐकत नाही. ती सरासरी अख्ख्या भारताची आहे. तिच्यात गडचिरोलीचा तांदूळ आहे, झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार आहे, बांधकामावरच्या बिगाऱ्याची मजुरी आहे. हिंजवडीतल्या टू-बीएचकेची टोपली यापेक्षा फार वेगळी असते. आयफोन, लॅपटॉप, पेट्रोल, विमानाचं तिकीट या वस्तूंना विसाचा भाव माहीत नाही. त्या बाजारभावाने येतात, काही तर आयातशुल्कामुळे अमेरिकेपेक्षा महाग पडतात. पगार वाढत जातो तसा टोपलीतला हा भाग वाढत जातो. विसाच्या भावात उरतं ते मुख्यतः माणसाच्या हाताने होणारं काम: पोळ्या, भांडी, केस कापणं, गाडी धुणं, इस्त्री, दहा मिनिटांत दारात येणारी कोथिंबीर.

असं का होतं याचं उत्तर अर्थशास्त्राने कधीच देऊन ठेवलंय. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएल्सन या दोघांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे ते मांडलं. वाकडचा न्हावी आणि स्टुटगार्टचा न्हावी दिवसाला साधारण सारखीच डोकी भादरतात. पण स्टुटगार्टच्या न्हाव्याला कारखान्यात जाऊन मोटारी जोडायचा पर्याय असतो, आणि तो कारखाना इतकं उत्पादन काढतो की त्या पगाराच्या जवळपास न्हाव्यालाही द्यावं लागतं. पुढे १९८४ मध्ये जगदीश भगवतींनी याच कोड्याचं दुसरं उत्तर दिलं: गरीब देशात भांडवलाच्या मानाने माणसं मुबलक, म्हणून श्रम स्वस्त, म्हणून सेवा स्वस्त. कुठलंही उत्तर घ्या, अर्थ एकच. परदेशातली महागाई म्हणजे बरीचशी माणसाच्या तासाची किंमत.

तासाचंच बघू. जर्मनीत २०२५ साली कायद्याने किमान वेतन ताशी १२.८२ युरो होतं, म्हणजे आपले जवळजवळ तेराशे रुपये. हिंजवडी-वाकडच्या सोसायट्यांत भांडी किंवा झाडू-फरशी यातल्या एका कामाचे मावशींना महिन्याला दीड-दोन हजार मिळतात. तिथला तास-दीड तास म्हणजे इथला महिना. 'इथे आपण राजासारखे राहतो' हे वाक्य मी निदान तीन भाषांत ऐकलंय. राजा हा शब्द त्यात फार अचूक आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता, २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदाही आला. दर मात्र अजूनही लिफ्टसमोर उभ्या उभ्या ठरतो, आणि 'आमच्या विंगमध्ये एवढाच रेट आहे' हा त्यातला शेवटचा शब्द असतो.

कंपन्यांचा एचआर विभाग जे निर्देशांक वापरतो त्यांची गोष्ट आणखी गमतीची. मर्सरच्या २०२४ च्या यादीत हाँगकाँग सगळ्यात महाग, मुंबई १३६वी, पुणे २०५वं. दोनशेहून अधिक वस्तू आणि सेवांचे भाव घेऊन न्यूयॉर्कशी तुलना केलेली असते. पण ही टोपली कोणाची? कंपनी ज्याला परदेशी पाठवते आणि ज्याची राहणी बिघडू नये अशी हमी देते, त्या अधिकाऱ्याची. चाकणच्या मोटार कारखान्यात तीन वर्षांसाठी आलेल्या जर्मन मॅनेजरला ती लागू पडते. त्याचं कोरेगाव पार्कचं भाडं, ड्रायव्हर, मुलाची आंतरराष्ट्रीय शाळा सगळं कंपनीच्या खात्यावर, आणि पुणे स्वस्त की महाग हे ठरवून त्याचा भत्ता ठरतो. हिंजवडीहून जाणारा मराठी इंजिनिअर हल्ली बहुतेक वेळा असा जात नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचं ऑनसाइट वेगळं होतं: पगार इथे चालू, तिथे दिवसाचा भत्ता, एका अपार्टमेंटमध्ये चौघं, बॅगेत कुकर, आणि भत्त्यातला निम्मा वाचवून आणायचा. आज तो तिथल्याच कंपनीच्या पगारपत्रकावर जातो. भत्ता नाही, हमी नाही, परतीची तारीख नाही. तरी ऑफिसात फिरणारी एक्सेल शीट मात्र अजून त्या जुन्या ऑनसाइटच्याच साच्यातली.

त्या शीटमध्ये काय नसतं ते सांगतो. ओळखीचं एक जोडपं वाकडहून जर्मनीला गेलं. भाड्याचा आकडा त्यांनी घोकून ठेवला होता. घराचा ताबा घेतला तर स्वयंपाकघराच्या जागी चार भिंती, भिंतीतून आलेला पाण्याचा पाइप आणि शेगडीसाठी एक वायर. ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेला होता; तिथे ही सर्रास चालणारी रीत. वर कायद्याने मालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट घेऊ शकतो. पहिला महिना त्यांनी इंडक्शनवर खिचडी केली.

ब्रिटनला जाणाऱ्याची कथा व्हिसापासूनच सुरू होते. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलामागे ७७६ पौंड आगाऊ भरावे लागतात. नवरा-बायको, दोन मुलं, तीन वर्षांचा व्हिसा म्हटलं तर १०,८६६ पौंड, बारा-तेरा लाख रुपयांच्या आसपास, विमानात बसायच्या आधी. कंपनीने भरले तर ठीक, नाहीतर पहिल्या वर्षाची बचत तिथेच गेली.

अमेरिकेचं आणखी निराळं. पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेला जातात. वर्षाला एक लाख वीस हजार डॉलर मिळत असतील तर ७,४४० डॉलर. एच-वनबी व्हिसाची मूळ मुदत सहा वर्षं, आणि या पेन्शनचा हक्क यायला सर्वसाधारणपणे दहा वर्षांचं काम लागतं. जर्मनी, नेदरलँड्स, जपान अशा देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षेचे करार आहेत, अमेरिकेशी नाही. सहा वर्षांनी परतणारा माणूस ४४,६४० डॉलर तिथल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनला देऊन येतो. दानधर्म वाईट नाही, फक्त तो शीटमध्ये लिहिलेला असावा.

आणि सगळ्यात मोठा खर्च तर कुठल्याच रकान्यात नसतो. हिंजवडीतलं घर बहुधा दोन पगारांचं असतं. एच-फोर व्हिसावर गेलेल्या बायकोला, नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्पा गाठेपर्यंत, नोकरीच करता येत नाही; त्यानंतर ती करू देणारी सवलतसुद्धा २०१५ मध्ये आली. युरोपात परवानगी मिळते पण भाषा आडवी येते. पंधरा-वीस लाखांचा एक पगार बंद होतो आणि शीटमध्ये तिच्या नावापुढे 'सेटल होईल' एवढंच असतं. मावशी परवडत नाही म्हणून भांडी कोण घासतं, हे विचारलं तर 'आम्ही मिळून करतो' असं उत्तर येतं. क्वचित ते खरंही असतं.

आता इकडची बाजू. हिंजवडीत राहणं स्वस्त आहे असं म्हणणाऱ्याने आपल्या सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल एकदा नीट वाचावं. टँकर, जनरेटरचं डिझेल, सुरक्षारक्षक, कचरा. राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीचं, आसपासची हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं ग्रामपंचायतींची, नियोजन पीएमआरडीएचं, आणि वाकडकडे आलं की पिंपरी-चिंचवड महापालिका. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं की ते नक्की कोणाच्या हद्दीत साचलंय यावर आधी चर्चा होते. माण ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. त्या वेळी पहिलीत गेलेलं पोर आता मिसरूड फुटायच्या वयाला आलंय. पगाराच्या वरच्या टप्प्यावर तीस टक्क्यांनी आयकर कापला जातो तो वेगळाच, मेंटेनन्स हा दुसरा कर, आणि मुलांच्या खाजगी शाळेची फी हा तिसरा. जर्मनीत कर जास्त कापला जातो म्हणून रडणाऱ्याने हे तिन्ही एकत्र करून बघावेत. तिथे शाळेला फी नाही, बर्लिनमध्ये तर २०१८ पासून पाळणाघरही मोफत आहे, आणि नळाला आलेलं पाणी तसंच पिता येतं. कोथरूडहून फेज थ्रीला रोज जाण्या-येण्यात जाणारे अडीच-तीन तास तर कुठल्याच निर्देशांकात नसतात.

राहतं घर. इथेच गुणाकार आणि भागाकार एकमेकांत मिसळतात. हिंजवडी-वाकड-बालेवाडीचे कितीतरी फ्लॅट ऑनसाइटच्या बचतीतून घेतले गेले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून घरी येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा देशात सर्वाधिक, २०.५ टक्के होता, केरळपेक्षाही जास्त. आणि पैसे पाठवणाऱ्या देशांत अमेरिका पहिली. बाहेरचा पैसा जमिनीत शिरला की घराला विसाचा भाव उरत नाही. ज्याने कधी पासपोर्ट काढला नाही त्यालाही तो फ्लॅट परदेशी पगारवाल्याशी स्पर्धा करत घ्यावा लागतो, रुपयातल्या पगारावर, वीस वर्षांच्या हप्त्याने. डॉ. आंबेडकरांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये विनिमयदराच्या स्थैर्यापेक्षा रुपयाच्या देशातल्या क्रयशक्तीचं स्थैर्य महत्त्वाचं मानलं होतं. तो वाद सुवर्ण-विनिमय पद्धतीचा होता, फ्लॅटचा नव्हे. पण नव्वदीचा डॉलर ऐकून खूश होणाऱ्या आणि त्याच संध्याकाळी साइट व्हिजिटला जाणाऱ्या माणसाने तो लक्षात घ्यावा.

त्यामुळे 'परवडतं का?' या प्रश्नाला 'बचत कुठे खर्च करणार?' हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. पाच वर्षांनी परत यायचं असेल तर गुणाकार बराचसा खरा आहे, कारण कमाई त्या किमतीची आणि खर्च या किमतीचा. तिथेच राहायचं असेल तर नव्वद हा आकडा विसरून जावा. तिथल्या शिक्षकाशी, तिथल्या नर्सशी स्वतःची तुलना करावी. अडचण एवढीच की जाताना प्रत्येक जण पहिलं म्हणतो आणि बहुतेक जण दुसरं करतात.

आणि दुसरं करणाऱ्यांचाही एक खर्च पुण्याच्याच भावाने चालू राहतो. आईवडील चिंचवडला किंवा कोथरूडला असतात. एकाचा गुडघा, दुसऱ्याचा विसरभोळेपणा वाढत जातो, आणि मग ब्युरोतून बारा तासांची, पुढे चोवीस तासांची बाई येते. बहुधा ती बीडची, लातूरची, नांदेडची असते आणि तिचे स्वतःचे आईबाप गावाकडे कोणाच्यातरी भरवशावर असतात. स्टुटगार्टमध्ये असं चोवीस तास माणूस ठेवणं तिथल्या पगारदाराच्या आवाक्याबाहेरचं आहे. 'तिकडे चांगली बचत होते' यातली निदान थोडी बचत या बाईच्या पगारातून झालेली असते. ब्युरोवाल्यांनी दर फार वाढवलेत, माणसं टिकत नाहीत, अशी तक्रार हल्ली व्हिडिओ कॉलवर हमखास ऐकू येते. जर्मनीतल्या किमान वेतनाचं कौतुक करणारी माणसंही बहुतेक हीच.