लोकप्रतिनिधीचा खरा हिशेब

आमदार-खासदाराने मतदारसंघात कामे करावीत, सभागृहात पक्षाला साथ द्यावी आणि पाच वर्षांनी पुन्हा कौल मागावा. देशात आणि राज्यात काय चालले आहे, त्यात आपली भूमिका काय, हे गावोगाव सांगत बसण्याची त्याला गरज नाही. हा युक्तिवाद सध्या मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. एका परिसंवादात राज्यशास्त्राच्या एका नामवंत अभ्यासकांनी तो मांडला, तेव्हा मी श्रोत्यांत होतो. मतदाराला रस्ता आणि पाणी हवे असते, विधेयकांशी त्याला कर्तव्य नसते, असे त्यांचे म्हणणे. साक्षीला त्यांनी ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कला उभे केले. प्रतिनिधी हा मतदारांचा निरोप्या नसतो, तो स्वतःच्या विवेकाने वागतो, हे बर्कने 1774 मध्येच सांगून ठेवले आहे; मग मतदारांपुढे खुलासे कशाला? श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. मला हा युक्तिवाद चुकीचा वाटतो आणि घातकही वाटतो. शिवाय बर्कची साक्ष त्यांनी अर्धीच नोंदवली. उरलेली अर्धी नोंदवणे मला अगत्याचे वाटते.

आधी आपल्याकडे हिशेब म्हणून काय दिले जाते ते पाहू. निवडणूक जवळ आली की घरोघर कार्यअहवाल येतो. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेले आमदार, वरच्या पट्टीत पक्षनेत्यांची छायाचित्रे. आत रकाने असतात: गाव, कामाचे नाव, लेखाशीर्ष, मंजूर रक्कम लाखांत. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, स्मशानभूमीची शेड, संरक्षक भिंत, अंतर्गत काँक्रीट रस्ता. लेखाशीर्षाच्या रकान्यात 2515, 3054, 5054 असे आकडे. ज्याचा ग्रामपंचायतीशी संबंध आला आहे, त्याला हे आकडे तोंडपाठ असतात. ‘पंचवीस-पंधरातून करून देतो’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. असा एक अहवाल मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. एवढ्या पानांत त्या आमदारांनी किती तारांकित प्रश्न विचारले, कोणती लक्षवेधी मांडली, कोणत्या कपात सूचनेवर बोलले, कोणत्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि का दिला, याची एक ओळ नव्हती. ज्या कामासाठी त्यांना विधानसभेत पाठवले, त्या कामाचा उल्लेखच नव्हता.

या रकान्यांना मी क्षुल्लक मानत नाही. ज्या वस्तीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो, तिथे काँक्रीटचा रस्ता ही माणसाच्या प्रतिष्ठेची गोष्ट असते. पण तो रस्ता सुचवणे हे कायदे करणाऱ्याचे मुख्य काम कधीपासून झाले? खासदारांचा स्थानिक विकास निधी डिसेंबर 1993 मध्ये सुरू झाला आणि 2011-12 पासून तो वर्षाला 5 कोटी रुपये झाला. आपल्या आमदारांनाही तेवढाच निधी आहे. एका विधानसभा मतदारसंघात सरासरी तीन लाखांहून अधिक मतदार असतात. पाच कोटी रुपये त्यांच्यात विभागले तर वर्षाला माणशी दीडशे रुपयांच्या आसपास येतात. अर्थसंकल्पावर, पीकविम्याच्या अटींवर, शाळांच्या संचमान्यतेच्या निकषांवर सभागृहात जे ठरते, त्याने त्याच मतदाराचे कितीतरी पट अधिक बरेवाईट होते. लहान रकमेचा हिशेब चकचकीत कागदावर येतो आणि मोठ्या निर्णयांचा येतच नाही.

आता बर्क. 3 नोव्हेंबर 1774 रोजी ब्रिस्टलमधून निवडून आल्यावर त्याने ते प्रसिद्ध भाषण केले. त्याच्याबरोबर निवडून आलेल्या हेन्री क्रूगरने मतदारांच्या सूचना बंधनकारक मानण्याची भाषा केली होती. बर्कने ती साफ नाकारली. मतदारांचे मत वजनदार आहे, ते प्रतिनिधीने आदराने ऐकलेच पाहिजे, पण विवेक गहाण टाकून त्यांचा हुकूम बजावणे हे त्याचे काम नव्हे, असा त्या भाषणाचा आशय आहे. परिसंवादातले विद्वान इथेच थांबले. बर्क मात्र थांबला नाही.

1777 मध्ये, अमेरिकेतल्या वसाहतींशी युद्ध सुरू असताना, त्याने ब्रिस्टलच्या शेरीफांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहून प्रसिद्ध केले. पार्लमेंटमध्ये कोणते कायदे झाले, त्यांना आपला विरोध का आहे, युद्ध का चुकीचे आहे, हे सगळे त्यात आहे. देशाच्या सर्वात मोठ्या प्रश्नावर एका खासदाराने मतदारांना दिलेली ती माहिती होती. 1778 मध्ये आयर्लंडवरचे व्यापारी निर्बंध सैल करण्याचा प्रश्न आला. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना आयरिश मालाची स्पर्धा नको होती. बर्कने त्यांच्या इच्छेविरुद्ध आयर्लंडची बाजू घेतली आणि मग त्या नाराज व्यापाऱ्यांना पत्रे लिहून आपली कारणे सविस्तर समजावली. तुमच्या तात्कालिक नफ्यापेक्षा साम्राज्यातल्या सगळ्यांची भरभराट तुमच्याही हिताची आहे, हे त्यांच्या तोंडावर सांगितले.

आणि मग सप्टेंबर 1780. त्या जूनमध्ये कॅथलिकांना दिलेल्या सवलतींविरुद्ध लंडनमध्ये गॉर्डन दंगली होऊन गेल्या होत्या. अशा वातावरणात बर्क ब्रिस्टलच्या गिल्डहॉलमध्ये मतदारांसमोर उभा राहिला. त्याच्यावर आक्षेप चार: मतदारसंघात फिरकत नाही, आयर्लंडला झुकते माप दिले, कर्जदारांना तुरुंगात सडवणारा कायदा सौम्य करणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि कॅथलिकांची बाजू घेतली. त्याने एकेक आक्षेप घेतला आणि एकेकाला उत्तर दिले. एकाही भूमिकेपासून तो मागे हटला नाही. निवडून येणे शक्य नाही हे दिसताच त्याने माघार घेतली. हरण्याची खात्री असताना मतदाराला एवढे सविस्तर उत्तर देणे हा माझ्या मते प्रातिनिधिक लोकशाहीच्या इतिहासातला फार मोठा क्षण आहे.

म्हणजे 1774 चे भाषण हे कराराचे एक कलम आहे आणि 1777 ते 1780 चे लेखन व भाषण हे दुसरे. प्रतिनिधीने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा, हे पहिले. त्या बुद्धीने काय ठरवले आणि का ठरवले, हे मतदाराला त्याच्या गावात येऊन सांगावे, हे दुसरे. ज्याला आदेश पाळायचे आहेत त्याला कारणे द्यावी लागत नाहीत. जो स्वतंत्रपणे निर्णय घेतो त्यालाच ती द्यावी लागतात. स्वातंत्र्य घ्यायचे आणि उत्तरदायित्व सोडायचे, याला बर्कचा आधार मिळणार नाही.

इथवर मी बर्कच्या बाजूने आहे. पण त्याच्या चरित्राचे पुढचे पान उलटले की मला थांबावे लागते. ब्रिस्टल गमावल्यावर बर्क माल्टनमधून पार्लमेंटमध्ये गेला. माल्टन हा मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅमच्या मुठीतला मतदारसंघ. ब्रिस्टलचे सुमारे पाच हजार मतदार त्याला जाब विचारत होते. माल्टनमध्ये एका आश्रयदात्याची मर्जी पुरेशी होती. ज्याला उमेदवारी वरून मिळते तो उत्तरही वरच देतो. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, पैसा पक्ष आणि पक्षाचे हितचिंतक उभा करतात. मतदार तीन लाख असोत, प्रत्येक मतदारसंघ हळूहळू माल्टन होत चालला आहे.

शिवाय राज्यघटनेची दहावी अनुसूची आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवण्याची तरतूद केली. 1992 मध्ये किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, मात्र विश्वासमत किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणाचा प्रश्न असेल तिथपर्यंतच अशा आदेशाची व्याप्ती असावी, असे सुचवले. प्रत्यक्षात असा आदेश, म्हणजे व्हिप, सर्रास निघतो. गोव्यातल्या रवी नाईक खटल्यात 1994 मध्ये न्यायालयाने म्हटले की सदस्याच्या वर्तनावरूनही त्याने पक्ष सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. त्यामुळे बोलायलाही भीती. अभ्यासकांच्या युक्तिवादातली विसंगती इथे उघडी पडते. प्रतिनिधीचा विवेक स्वतंत्र असल्याचा दाखला द्यायचा आणि तो विवेक पक्षाच्या हवाली करायला सांगायचे, ही दोन वाक्ये एकत्र नांदू शकत नाहीत.

मग प्रश्न असा पडतो की ज्याच्या मतावर त्याचाच ताबा नाही, त्याला त्या मताचे कारण विचारण्यात काय हशील? या प्रश्नाचा विचार करताना माझी भूमिका बदलली. प्रत्येक मतदानाची नोंद जाहीर व्हावी, एवढीच मागणी मी सुरुवातीला पुरेशी मानत होतो. आता तेवढी पुरेशी वाटत नाही. नोंदवहीत सगळ्यांची मते पक्षाप्रमाणेच दिसतील. त्यातून माणूस कळणार नाही. पक्षांतराला आळा बसावा म्हणून आणलेल्या कायद्याने पक्षांतर थांबले नाही, हे महाराष्ट्राने 2022 आणि 2023 मध्ये पाहिले. त्या दोन वर्षांत दोन प्रादेशिक पक्ष फुटले आणि कोणता गट खरा याचा निकाल विधानसभाध्यक्षांनी 2024 च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिला. त्या कायद्याने कमी केले ते प्रतिनिधीचे सभागृहातले बोलणे. म्हणून त्याचे मतदारसंघातले बोलणे अधिकच आवश्यक ठरते. मत पक्षाचे असेल, पण प्रश्न विचारणे त्याच्या हातात आहे. दुरुस्ती सुचवणे त्याच्या हातात आहे. पक्षाच्या बैठकीत मी हे हे मांडले, ते मान्य झाले नाही, तरीही मी पक्षाबरोबर राहिलो आणि त्याचे कारण हे, असे सांगणे त्याच्या हातात आहे. पक्षनिष्ठेत यामुळे उणे काही येत नाही. मतदाराला मात्र आपला माणूस कोणत्या मातीचा आहे हे समजते.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक घ्या. जुलै 2024 मध्ये ते मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले, हजारो हरकती आल्या आणि जुलै 2025 मध्ये विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. आवाजी मतदानात कोणी होय म्हटले आणि कोण गप्प बसले याची नावनिशीवार नोंद होत नाही. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या कायद्यावर तुमच्या तालुक्याच्या आमदाराने काय केले, हे तुम्हाला सांगता येईल का? पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचे शासननिर्णय एप्रिल आणि जून 2025 मध्ये निघाले आणि 29 जूनला दोन्ही मागे घेतले गेले. तेवढ्या काळात किती आमदारांनी आपल्या भागातल्या शिक्षकांना आणि पालकांना बोलावून त्यांचे ऐकले, आपले सांगितले? पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्गात ज्यांच्या जमिनी जाणार आहेत, त्यांना आपल्या आमदाराची भूमिका मोर्चात कळावी की त्याने स्वतः येऊन सांगावी? मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत 2022 मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक राहिले. शहरांना निवडलेला नगरसेवक नव्हता, तेव्हा निवडलेल्या आमदाराने यावर विधानसभेत काय विचारले?

मतदाराला यातले काही नको असते, हे मला मान्य नाही. कोकणातला पूर्वीचा राजापूर लोकसभा मतदारसंघ पाहा. त्या काळी मनिऑर्डरीवर चालणारा, रेल्वे नसलेला, डोंगरदऱ्यांचा प्रदेश. त्याने 1957, 1962 आणि 1967 मध्ये बॅरिस्टर नाथ पै यांना लोकसभेत पाठवले. ते कायम विरोधी बाकावर; निधी आणण्याची सत्ता हाती नाही. गोलकनाथ निकालानंतर 1967 मध्ये त्यांनी घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे खासगी विधेयक मांडले. त्यात राजापूरच्या एकाही रस्त्याचा उल्लेख नव्हता. ते संमत झाले नाही, पण त्यामागचे तत्त्व त्यांच्या निधनानंतर 1971 च्या 24 व्या घटनादुरुस्तीत आले. त्यांच्या पश्चात त्याच मतदारसंघाने प्रा. मधु दंडवते यांना सलग पाच वेळा निवडून दिले. सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवले, आणि त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाची राज्यात कधी स्वबळावर सत्ता नव्हती. हे मतदार भोळे होते काय? आपला माणूस सभागृहात ताठ उभा राहून बोलतो, याची त्यांना किंमत होती.

डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना संसदीय पद्धत का निवडली हे सांगितले. सरकारच्या जबाबदारीचे मोजमाप या पद्धतीत दोन वेळा होते, असे त्यांचे विवेचन होते. एक मतदारांकडून, ठरावीक मुदतीने, निवडणुकीत. दुसरे सभागृहाच्या सदस्यांकडून, रोज. प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव आणि चर्चा यांच्याद्वारे. हे रोजचे मोजमाप अधिक परिणामकारक, असे त्यांचे मत होते. पाच वर्षांनी एकदा कौल घ्यावा म्हणणारे या मांडणीतले निम्मे तेवढे ठेवतात. रोजचे मोजमाप करण्यासाठी ज्याला पाठवले तो ते करतो की नाही, हे मतदाराला समजायचे कसे? त्याने येऊन सांगितल्याशिवाय समजणार नाही.

सरपंचाला हे बंधन आहे. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 7 प्रमाणे वर्षातून ठरावीक वेळा ग्रामसभा घ्यावी लागते, जमाखर्च आणि प्रशासन अहवाल तिच्यापुढे ठेवावा लागतो. एका ग्रामसभेत मी पाहिले आहे: नव्या सरपंचबाई वही उघडून पाणीपुरवठ्याचा खर्च वाचत होत्या आणि मागच्या ओळीतली एक आजी म्हणाली, ‘बाई, मोटर दोनदा जळाली म्हणता, मग वायरमनला तिसऱ्यांदा पैसे कसले?’ सरपंचबाईंनी पान उलटले, पावती शोधली, वाचून दाखवली. काही हजार रुपयांच्या खर्चाला हा प्रसंग सोसावा लागतो. लाखो कोटींच्या अर्थसंकल्पाला हात वर करणाऱ्या आमदाराला असा एकही प्रसंग कायद्याने सोसावा लागत नाही.

तो सोसावा लागेल अशी व्यवस्था करा, हे माझे म्हणणे आहे. विधिमंडळाचे प्रत्येक अधिवेशन संपले की महिन्याच्या आत प्रत्येक आमदाराने तालुक्याच्या ठिकाणी जाहीर सभा घ्यावी. फ्लेक्स नको, सत्कार नको, पक्षाचा झेंडा नको. कोणती विधेयके झाली, मी काय बोललो, काय विचारले, कुठे गप्प राहिलो आणि का, हे त्याने सांगावे आणि मग लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. खासदाराने संसदेच्या अधिवेशनानंतर हेच करावे. महत्त्वाच्या विधेयकांवर नावनिशीवार मतविभागणी सक्तीची करावी. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. सभागृहांच्या नियमांत बदल पुरेसा आहे आणि ते बदल करण्याचा अधिकार त्याच सभागृहांना आहे.

मतदारांवरही याचे ओझे येते आणि ते मी लपवू इच्छित नाही. आपल्याला न आवडणारे मत देऊन आलेला प्रतिनिधी समोर उभा राहिला तर त्याचे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागेल. ब्रिस्टलने बर्कचे ऐकले आणि तरीही त्याला नाकारले. तो ब्रिस्टलचा अधिकार होता. ऐकून नाकारणे आणि न ऐकता निवडणे यांत पहिले मला लोकशाहीच्या जवळचे वाटते. जो आमदार पुढच्या वेळी कार्यअहवाल घेऊन दारात येईल, त्याला रस्त्याबद्दल धन्यवाद जरूर द्यावेत आणि त्याच दमात विचारावे की गेल्या अधिवेशनात तुम्ही आमच्या वतीने काय बोललात. त्याला उत्तर देता आले नाही, तर त्याला पुन्हा पाठवायचे की नाही, याचा निर्णय आपल्या हातात आहे.