राहून गेलेलं पाणी

भाड्याच्या घरात पहिल्या रात्री एसी लावावा आणि ओल्या पायमोज्यांसारखा कुबट वास यावा, हा अनुभव पुष्कळांचा आहे. दोन मिनिटांत वास विरतो. आठवड्याभरात नाकही सरावतं; मग एखादा पाहुणा नाक मुरडतो तेव्हाच आठवण होते. त्यावर कोणी कापूर ठेवतं, कोणी सुगंधी फवारा मारतं. हे सगळे उपाय हवेवरचे, आणि वास तर पाण्याचा असतो.

एसी म्हणजे गारव्याचं यंत्र, ही समजूत अर्धीच खरी. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती माणसांना गार वाटावं म्हणून नव्हतीच. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आक्रसायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. कॅरियरला हवेतलं पाणी ताब्यात ठेवायचं होतं.

आपल्या भिंतीवरचा एसीही पाणी काढतोच. मुंबई-ठाण्याची पावसाळी हवा २४-२५ अंशांच्या पृष्ठभागावरसुद्धा पाणी सोडते, आणि आतली कॉइल तर त्याहून कितीतरी थंड. फ्रिजमधल्या बाटलीला फुटतो तसा तिला घाम फुटतो. तो ट्रेमध्ये उतरतो आणि ड्रेन पाइपने बाहेर जातो. पाइपाखाली बादली ठेवून पाहा, पावसाळ्यात सकाळपर्यंत ती भरलेली असते.

वाहून गेलेल्या पाण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती राहून गेलेल्या पाण्याची. आपण रिमोटचं बटण दाबून एसी बंद करतो तेव्हा कॉइल निथळत असते. तिथे अंधार असतो आणि जाळीतून निसटलेली धूळ असते. या धुळीत कपड्यांची लव, आपल्याच त्वचेचे कण आणि स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा तेलकटपणाही. बुरशीला याहून जास्त काय लागतं? मागचा ब्लोअर हळूहळू काळ्या ठिपक्यांनी भरतो, आणि दुसऱ्या रात्रीचा पहिला झोत तिथूनच येतो.

म्हणून एसी बंद करण्याआधी वीसेक मिनिटं नुसत्या फॅन मोडवर चालवावा. कॉइल सुकते. मात्र सुकताना काही ओल खोलीत परत येते, तेव्हा खिडकी किलकिली ठेवलेली बरी. जाळी पंधरा दिवसांनी धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी. पण ब्लोअरवर बसलेला थर यातल्या कशानेच जात नाही. त्याला पंपाने धुणं, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘जेट सर्व्हिस’, हवंच. वासाची तक्रार ऐकून मेकॅनिक ‘गॅस कमी झालाय’ म्हणाला तर सावध व्हा. गॅस वापरून संपत नाही, गळती असेल तरच कमी होतो, आणि कुबट वासाशी त्याचा संबंध नाही. वास गटारासारखा असेल तर मात्र पाइपाचं टोक पाहा. ते मोरीच्या जाळीत खोल खुपसलेलं असलं तर ओढून वर घ्या.

आता भाड्याच्या घराची गोष्ट. ११ महिन्यांच्या करारात पंखे, ट्यूबलाइट, गीझर, एसी सगळं मोजून लिहितात. एसीची सर्व्हिस कोणी करायची, ते बहुधा राहून जातं. मालक म्हणतो, वापरणाऱ्याने बघावं. भाडेकरू म्हणतो, दुसऱ्याच्या एसीवर मी का खर्च करू, पुढच्या वर्षी इथे असेन की नाही कोणास ठाऊक. दोघांचंही अगदीच चूक नाही. पण तोवर मागच्या बिऱ्हाडाची धूळ आणि त्याच्या आधीच्याचीही पुढच्याच्या उशाशी वाहत राहते.

तेव्हा फ्लॅट बघायला जाल तर नळ आणि दिव्यांबरोबर एसीही लावायला सांगा, आणि पहिली दोन मिनिटं त्याच्या खाली उभे राहा. वास आलाच तर जेट सर्व्हिस टोकन देण्याआधी मागा. नंतर कोणी करून देत नाही.