गांडीव हातातून निसटते तेव्हा



आजचे चिंतन : गीता, अध्याय पहिला, श्लोक २८ ते ३०.

या तीन श्लोकांत अर्जुन आपल्या शरीराविषयी सांगतो. अंग गळून गेलंय, तोंडाला कोरड पडलीय, कापरं भरलंय, कातडी भाजतेय, धनुष्य हातात राहत नाही. मन गरगरतंय हे तो सगळ्यात शेवटी सांगतो. हा भित्रा माणूस नव्हे. यापूर्वी विराटाच्या गायींसाठी एकटा कौरवांच्या सैन्यापुढे उभा राहिलेला हा वीर. युद्धाची भीती असती तर तेव्हाच वाटली असती. आज समोर आपली माणसं दिसली आणि हात सुटला.

हे वाचताना मला आपलं भुशी आठवतं. ३० जून २०२४, रविवार. धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान लेकरं होती. शिवदुर्ग मित्रची मुलं, पोलीस, नौदलाचे पाणबुडे पाण्यात उतरले. शोध पुढेही चालू राहिला. पुढच्या वर्षी १५ जूनला, पुन्हा रविवारीच, याच इंद्रायणीवर कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळला आणि चार जण गेले. आपण बातमी वाचतो, हळहळतो, पुढच्या रविवारी पायऱ्यांवर पुन्हा भजी-कणसाची गर्दी. पाण्यात उतरणाऱ्याचं काय होतं?

माझा भाचा असल्या कामाला जातो. पगार नाही, फोन आला की दुकानाचं शटर ओढायचं आणि निघायचं. पाण्याची त्याला भीती नाही, दोरावर तर तो लहानपणापासून. पण मागच्या पावसाळ्यात एका शोधाहून आला आणि ताटावरून उठला. रात्री झोप नाही, हात थरथरतोय. बाहेर काढलेलं मूल त्याच्या मुलीएवढं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ताई म्हणाली, "इतक्या वेळा गेलास, अजून सवय नाही झाली?" आणि मी, रोज गीता वाचणारा, म्हणालो, "अरे, पुण्याचं काम आहे, मनाला लावून घेऊ नये." तो "हो मामा" म्हणाला आणि गप्प झाला. कित्येक महिने गप्पच होता.

आता भगवंतांनी काय केलं ते बघा. पहिल्या अध्यायात त्यांचं बोलणं फक्त एका वाक्याचं, हे जमलेले कौरव बघ, एवढंच. पुढे अध्याय संपेपर्यंत अर्जुन बोलतो, देव ऐकतात. दुसऱ्याच्या सुरुवातीला ते त्याला रागावतातही, दुबळेपणा सोड म्हणतात. त्याने काय झालं? अर्जुन पुन्हा तेच म्हणाला, मी लढणार नाही, आणि गप्प बसला. प्रत्यक्ष भगवंतांच्या रागावण्यानेही जे झालं नाही ते माझ्या एका वाक्याने कसं व्हावं! खरी शिकवण सुरू होते ती अकराव्या श्लोकापासून, त्याचं सगळं बोलून झाल्यावर. आणि त्या रडण्याच्या अध्यायालाही परंपरेने योगच म्हटलंय, अर्जुनविषादयोग.

सहाव्या अध्यायात भगवंत आहार, विहार, काम, झोप, जागरण हे सगळं बेताचं ठेवायला सांगतात. आपण ते ध्यानाला बसणाऱ्यांसाठी समजतो. मला वाटतं ते काठावर उभ्या असलेल्या टीमच्या प्रमुखानेही वाचावं. ज्याने आज लेकरू उचललं त्याला उद्या पुन्हा पाण्यात उतरवू नये, त्याच्याजवळ कुणीतरी चहा घेऊन बसावं, घरी परत निघण्याआधी सगळ्यांनी दहा मिनिटं एकमेकांशी बोलावं. आणि काठावरच्यांनी मोबाईल खिशात ठेवावा, एवढं तरी.

परवा भाचा आला. मी काही विचारलं नाही, ओसरीवर नुसता बसलो. बराच वेळ पावसाकडे बघून तो म्हणाला, "मामा, तिच्या पायात एकच चप्पल होती." मग दुसरा चहा होईपर्यंत बोलत राहिला.

उद्या श्लोक ३१.