नव्वदांतले त्रेपन्न

जुलै संपता संपता अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या गावात एक वरात निघते. लॅम्बो फील्ड या स्टेडियमबाहेर शाळकरी पोरं आपापल्या सायकली घेऊन उभी असतात. आतून शंभर-सव्वाशे किलोचे खेळाडू बाहेर येतात, एकेक सायकल निवडतात आणि गुडघे हनुवटीला लागतील अशा बेताने तिच्यावर बसून जवळच्या सराव मैदानाकडे निघतात. सायकलीचा खरा मालक त्यांचं हेल्मेट पोटाशी धरून शेजारून पळत असतो. विन्स लोम्बार्डी प्रशिक्षक होता तेव्हापासून ही प्रथा चालत आली आहे. ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा नवा हंगाम असा सुरू होतो.

दृश्य लोभस आहे, पण मला त्यातलं गणित टोचतं. हंगामाआधीच्या या सराव शिबिरात खेळाडू असतात नव्वद. सप्टेंबरात हंगाम सुरू होताना संघात जागा असते त्रेपन्नांना. म्हणजे सायकलीवरून गेलेल्या दर पाच जणांपैकी दोघांची ऑगस्टअखेर संघात जागा नसणार. आपण हेल्मेट नक्की कोणाचं उचललंय हे पोराला ठाऊक नसतं. पुष्कळदा ते खेळाडूलाही नसतं.

मराठीत तालीम हा एकच शब्द पैलवानालाही चालतो आणि नटालाही. दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट आपण गृहीत धरतो: ज्याने घाम गाळला तोच लाल मातीत किंवा रंगमंचावर उतरणार. अमेरिकन फुटबॉलच्या शिबिरात हे गृहीतच मोडतं. इथे तालीम नव्वद जणांची आणि प्रयोग त्रेपन्न जणांचा. बाकीचे सदतीस जण हंगामाची तयारी करत नसतात, ते तयारीचं सामान असतात. हा खेळ धडकांचा आहे. पहिल्या फळीच्या खेळाडूला अंदाज येण्यासाठी समोर कुणीतरी खरोखर अंगावर यावं लागतं, कुणाला तरी खरोखर आडवं व्हावं लागतं. मुख्य खेळाडू एकमेकांवर खर्च करणं परवडत नाही. मग हे काम ज्यांचं नाव जर्सीवरून लवकरच उतरणार आहे त्यांच्याकडे येतं. हंगामाआधीचे तीन सराव सामनेही बहुतांशी त्यांचेच. नामवंत मंडळी त्या वेळी टोपी घालून कडेला उभी असतात.

शिबिरांच्या दंतकथांमध्ये सगळ्यात लाडकी कथा याच संघाची आहे. २६ डिसेंबर १९६० रोजी अजिंक्यपदाच्या सामन्यात पॅकर्स फिलाडेल्फिया ईगल्सकडून १७-१३ असे हरले. शेवटी काही यार्ड तेवढे कमी पडले. पुढच्या जुलैत, शिबिराच्या पहिल्या दिवशी, लोम्बार्डीने हातात चेंडू उंच धरला आणि देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला सांगितलं, सद्गृहस्थहो, याला फुटबॉल म्हणतात. मॅक्स मॅक्गी नावाच्या मिश्कील खेळाडूने यावर, जरा सावकाश सांगा, फार वेगाने चाललात, अशी विनंती केल्याचं सांगतात. त्याच हंगामाच्या शेवटी पॅकर्सनी न्यूयॉर्क जायंट्सना ३७-० असं धुतलं. व्यवस्थापनाची व्याख्यानं देणाऱ्यांनी हा किस्सा इतका वापरलाय की त्याचा रंग उडालाय.

मला त्या कथेत मात्र न सांगितलेला भाग अधिक दिसतो. शून्यापासून सुरुवात ही संघाचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार याच्यासारख्या प्रस्थापिताला नम्रतेची शिकवण होती, कारण त्याचं शून्य मानलेलं होतं. त्याच खोलीत मागच्या बाकावर बसलेल्या, कुणीही न निवडलेल्या नवख्याचं शून्य खरं होतं. एका वाक्याने दोघे एका पातळीवर आल्यासारखे वाटले, एवढंच. आज तर हा फरक करारातच लिहिलेला असतो. नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलाच्या पैशाला हमी असते, आणि निवडच न झालेल्या मुलाला एका दुपारी घरी पाठवता येतं.

घरी पाठवण्याचीही एक रीत आहे. खेळाडूंच्या बोलीत निरोप घेऊन येणाऱ्या माणसाला ‘टर्क’ म्हणतात. तो खोलीच्या दारात येतो आणि सांगतो, प्रशिक्षकांनी बोलावलंय, डावपेचांची वही बरोबर घे. आता वहीच्या जागी टॅबलेट आला आहे, वाक्याचा अर्थ बदललेला नाही. ३२ संघ, प्रत्येकी सदतीस. ऑगस्टच्या अखेरीस हजारावर माणसांना हा निरोप जातो. २००१ पासून ‘हार्ड नॉक्स’ या मालिकेत हे प्रसंग टीव्हीवरही दाखवले जातात आणि लोक ते चवीने पाहतात. मीही पाहिले आहेत.

अशा वेळी कुणीतरी कर्ट वॉर्नरचं नाव काढतंच. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) १९९४ मध्ये याच पॅकर्सच्या शिबिरात होता. त्याच जागेवर त्याच्या पुढे ब्रेट फार्व होता, वॉर्नरला हंगामाआधीच नारळ मिळाला. मग सीडर फॉल्समधल्या एका किराणा दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर तो रात्रपाळीत फळ्यांवर माल लावत राहिला. १९९९ च्या हंगामात तोच सेंट लुई रॅम्सचा नायक झाला, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सुपर बोल हा अजिंक्यपदाचा सामना जिंकला. गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. पण तिच्यात एक पान सहसा उलटून टाकतात. वॉर्नरला जागा मिळाली कारण रॅम्सचा ठरलेला क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा त्या ऑगस्टमध्ये, एका सराव सामन्यात, तुटला. तयारीने एकाला उचललं ते दुसऱ्याला पाडून. आणि ज्यांच्यासाठी कुणाचाही गुडघा तुटला नाही ते किराणा दुकानातच राहिले, त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत.

तयारीची किंमत कधी याहून मोठी पडते. मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंजर १ ऑगस्ट २००१ रोजी उष्माघाताने गेला, शिबिराच्या काळातच, सत्ताविसाव्या वर्षी. तो नवखा नव्हता, संघातली जागा पक्की असलेला खेळाडू होता. दिवसात दोनदा अंगावर सगळं चिलखत चढवून सराव करायची जुनी पद्धत मात्र लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारानंतरच बंद झाली. मधली दहा वर्षं सगळे काय करत होते, असं विचारावंसं वाटतं.

पॅकर्सच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचा तरी कुणाला? इतर शहरांत शिव्या द्यायला एक अब्जाधीश मालक असतो. इथे तो नाही. १९१९ मध्ये मांस डबाबंद करणाऱ्या इंडियन पॅकिंग कंपनीने गणवेशासाठी ५०० डॉलर दिले, त्यावरून संघाचं नाव पडलं (या ‘इंडियन’चा आपल्याशी संबंध नाही). १९२३ पासून संघ लोकांच्या मालकीचा आहे. आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत, तर गावाची वस्ती जेमतेम लाखाच्या वर. शेअरवर लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही, तरीही २०२१-२२ मध्ये लोकांनी ३०० डॉलरला एक असे विकत घेऊन भिंतीवर चौकटीत टांगले. वार्षिक सभाही जुलैतच, शिबिराच्या तोंडावर, स्टेडियममध्ये भरते. संघ कुणी उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही, याचा या लोकांना रास्त अभिमान आहे. माणसं मात्र दर वर्षी उचलून नेली जातात. त्या सदतीस जणांना काढणाऱ्यांत पाच लाख मालक आहेत आणि त्यातल्या एकालाही आपण कुणाला काढलं असं वाटत नाही. पाच लाखांत वाटली गेलेली जबाबदारी कुणाच्याच वाट्याला येत नाही. सायकल घेऊन आलेल्या पोराच्या घरीही असा एखादा शेअर टांगलेला असू शकतो.

काढलेल्यांतले काही परत येतात. नवख्यांना आधी इतर संघांसमोर ठेवलं जातं, साधारण दिवसभराच्या मुदतीत कुणी मागितलं नाही तर आपल्याच संघाच्या सराव पथकात घेता येतं. पगार कमी, काम अजब. हा माणूस आता बहुरूपी होतो. पुढच्या रविवारी गाठ शिकागो बेअर्सशी असेल तर आठवडाभर तो बेअर्सचा क्वार्टरबॅक असतो. त्याच्यासारखा चेंडू फेकतो, त्याच्यासारखा डावीकडे सरकतो, म्हणजे आपल्या बचावफळीला सवय व्हावी. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो डेट्रॉइटचा. सामन्याच्या दिवशी स्टेडियममध्ये ऐंशी हजार लोक हिरव्या-पिवळ्या जर्सी घालून बसलेले असतात. तो कडेला साध्या कपड्यांत उभा राहून, आठवडाभर आपण ज्याची नक्कल केली तो माणूस खरोखर कसा खेळतो, ते पाहत असतो.