संयमाची शिल्लक

संयम हा धर्म आहे, हे आपल्याकडे इतक्या ग्रंथांनी आणि इतक्या मुखांनी सांगून ठेवले आहे की, त्यापुढे एक प्रश्न उरतो याची आठवण सहसा कोणाला होत नाही. माणसाने वाणी आवरली, क्रोध आवरला, भोग आवरला, म्हणजे त्या आवरण्यातून काही शक्ती वाचते. त्या वाचलेल्या शक्तीचा विनियोग कोणी आणि कशासाठी करावा, हा तो प्रश्न होय. तलासरी तालुक्यातील एका पाड्यावर, वारली कुटुंबाच्या लग्नमांडवात बसलो असताना, डहाणूहून आलेल्या एका तरुण साउंडवाल्याच्या बोटांकडे पाहता पाहता हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, आणि त्या रात्रीपासून त्याने मला सोडलेले नाही.

वारल्यांच्या विवाहात धवले, म्हणजे लग्नगीते, गाणाऱ्या धवलेरीला पुरोहिताचे स्थान आहे. कुडाच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहावा, त्याच्या मध्यभागी पालघट देवीची स्थापना व्हावी, आणि त्या चौकासमोर धवलेरीने गावे, तेव्हा ते लग्न देवाच्या दप्तरी नोंदले जाते. त्या रात्रीची धवलेरी वृद्ध होती. तिचा स्वर बहुतेक वेळ भिंतीशी कुजबुजावे तसा चाले आणि मध्येच, देवाचे नाव आले की, एकदम उसळून वर जाई. मांडवाच्या कडेला बसलेल्या माणसांना कुजबुज ऐकू येत नव्हती, आणि उसळी आली की कर्णा किंचाळत होता. तरुणाने आपल्या पेटीवरचा कॉम्प्रेसर चालू केला व एकेक बटण फिरवू लागला.

या यंत्राचे काम सांगण्यास सोपे आहे. त्यातील पहिल्या बटणाला थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा, म्हणतात. आवाज उंबरठ्याच्या आत आहे तोवर यंत्र त्याला हात लावत नाही; उंबरठा ओलांडून जेवढा बाहेर येईल तेवढ्यावरच त्याचा अंमल सुरू होतो. दुसरे बटण रेशोचे. तीनास एक असे प्रमाण ठरवले, तर उंबरठ्याच्या वर 12 डेसिबल गेलेला स्वर 4 डेसिबलच वर राहतो, उरलेले 8 यंत्र काढून घेते. स्वर उसळला हे ऐकणाऱ्याला कळते, फक्त उसळीची धार कमी होते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी निग्रहाविषयी जी शंका उपस्थित केली आहे, आणि सहाव्या अध्यायात युक्त आहाराचा व युक्त चेष्टांचा जो मार्ग दाखवला आहे, त्या दोहोंमधील अंतर मला या प्रमाणात दिसले. निग्रह वृत्तीचे तोंडच बंद करतो. संयम मात्र तिला बोलू देतो आणि ती जितकी अमर्याद होईल तितक्या प्रमाणात तिच्याकडून वसूल करतो.

निग्रहाचेही यंत्र आहे, आणि त्याचे नाव लिमिटर. त्याचे प्रमाण दहास एक किंवा त्याहून कठोर, पुष्कळदा अनंतास एक असे असते. कर्ण्यातील पातळ पडदा फाटेल किंवा आतली तार जळेल त्याच्या थोडे अलीकडे त्याची मर्यादा बांधतात, आणि ती कोणासाठीही सैल होत नाही. कायदा हा समाजाचा लिमिटर होय. केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा हुकूम दिला, आणि पुढे 2002 च्या दुरुस्तीने सणासुदीसाठी वर्षातून फार तर 15 दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्यांच्या हाती ठेवली. 2000 सालीच सर्वोच्च न्यायालयाने एका प्रार्थनास्थळाच्या खटल्यात असे सांगितले की, दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. आणि 2016 साली मुंबई उच्च न्यायालयानेही ध्वनिक्षेपक हे धर्माचे अत्यावश्यक अंग नाही असा निर्वाळा दिला. डहाणूच्या मुलखाला अशा मर्यादांची ओळख आहे. 1991 च्या जून महिन्यात केंद्राने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, तेव्हा उद्योगांना मिळून 500 एकरांपलीकडे जमीन मिळणार नाही, असे बंधन त्यावर घातले. अशी बंधने नसती तर चिकूच्या वाड्या आणि डोंगरातले पाडे यांचे काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. तथापि लिमिटर पडदा वाचवतो, एवढेच त्याचे काम. गाणे सुरेल करणे त्याच्या अधिकारात नाही. 45 डेसिबलच्या आत राहूनही माणूस शेजाऱ्याचा द्वेष करू शकतो. कायद्याची हद्द जेथे संपते तेथून धर्माचा कारभार सुरू होतो, आणि तो कॉम्प्रेसरच्या उरलेल्या बटणांसारखा नाजूक आहे.

त्यांपैकी अटॅक म्हणजे उंबरठा ओलांडल्यावर यंत्राने किती वेळात पकड घ्यावी याचे मान. तरुणाने प्रथम ती पकड एका सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणली, आणि धवलेरीच्या उच्चारातील क, ट, प यांचे ठोके बोथट होऊन शब्दच ओळखू येईनात. मग त्याने ती फार लांबवली, तेव्हा प्रत्येक उसळीचा पहिला घाव कानावर जसाच्या तसा आला. शेवटी सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास शब्द स्पष्ट राहिला आणि घावही सौम्य झाला. मला वाटले, मनाच्या संयमाचेही असेच आहे. अन्याय पाहताच जो संताप उठतो त्याचा पहिला ठोका दाबून टाकणारा माणूस शांत नसतो, तो मुका असतो. 1945 साली याच तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारली उठले आणि गोदावरी परुळेकरांसारख्या कार्यकर्त्या त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, तेव्हा तो पहिला ठोका उमटला नसता, तर पिढ्यान्‌पिढ्यांची ती वेठ आणखी किती काळ चालली असती कोण जाणे. संयमाने हात घालायचा तो त्या ठोक्यानंतर, संताप सुडाकडे वळू लागतो त्या क्षणी.

रिलीजचे बटण पकड सुटण्याचा अवधी ठरवते. पकड फार लवकर सुटली तर आवाज धापा टाकल्यासारखा वरखाली होतो. फार उशिरा सुटली तर एका मोठ्या शब्दाच्या शिक्षेत पुढचे चार हळुवार शब्दही दबून जातात. एकदा झालेल्या अपराधाची आठवण धरून पुढच्या निरपराध बोलण्यावरही डूख ठेवणारी माणसे आपण घरोघरी पाहतो, आणि त्या डुखाला ती सावधगिरी म्हणतात. क्षमा म्हणजे योग्य वेळी सुटलेली पकड.

परंतु मूळ प्रश्न पुढच्या बटणाचा, गेनचा आहे. कॉम्प्रेसरने 8 डेसिबल काढून घेतले, तेव्हा वर तेवढी जागा मोकळी झाली. गेन वाढवून ते 8 डेसिबल सगळ्या आवाजाला परत देता येतात. तरुणाने ते दिले. उसळी पूर्वी होती तेथेच येऊन ठेपली, आणि कुजबुज 8 डेसिबलने, म्हणजे सहापटीहून अधिक शक्तीने, वर आली. प्रथम मांडव सुखावला. पण धवलेरीने श्वास घेण्यासाठी थांबताच त्या विरामात जनरेटरची घरघर, भांड्यांचा आवाज, पोरांचे रडणे असे सगळे कर्ण्यातून भरून वाहू लागले. गाण्यातला मौनाचा अंश नाहीसा झाला. तरुण माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, आवाज जास्त दिला की आजीबरोबर जनरेटरपण गातो."

हे वाक्य ऐकताच मला भस्मासुराची कथा आठवली. पुराणांतील असुर संयमात कमी नव्हते. त्यांच्याइतके उग्र तप करणारे ऋषीही थोडेच सापडतील. भस्मासुराने, रावणाने, हिरण्यकशिपूने इंद्रिये आवरली, अन्न आवरले, निद्रा आवरली, आणि त्या आवरण्यातून जी शिल्लक पडली ती सगळी वर मागून स्वतःच्या आवाजाला जोडली. त्यांचे तप खोटे नव्हते; त्या तपाच्या शिलकीचा हिशेब मात्र त्यांनी स्वतःच्याच खाती मांडला. जे त्यांनी केले ते सौम्य रूपात आपणही करतो. उपवास करून त्याची वार्ता गावभर करणारा, मौन पाळून त्या मौनाचा धाक घरावर बसवणारा, भोग सोडून त्या त्यागाच्या बळावर इतरांवर हुकूम चालवणारा मनुष्य संयमी असतो हे नाकारता येत नाही, परंतु त्याच्या प्रत्येक विरामात अहंकाराची घरघर ऐकू येते. ती घरघर पूर्वीही होती, फक्त खाली होती; संयमाच्या शिलकीनेच ती वर आणली.

यावर भक्तिमार्गी माणूस एक आक्षेप घेईल, आणि तो हलका नाही. भक्ती हा उमाळा आहे. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत डोंगर चढणारा माणूस देवीला साद घालताना उंबरठे व प्रमाणे मोजत बसला, तर ती साद कसली? या आक्षेपाचे उत्तर मला तारप्यात सापडते. वाळवलेल्या दुधीचा भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा, असे ते वाद्य. वाजवणारा गालांत हवा साठवून ठेवतो, नाकाने श्वास घेतो, आणि स्वर तुटू न देता ती साठवण भोपळ्यात सोडत राहतो. त्यात उमाळा कमी नसतो. नाचणारे रात्ररात्र त्याच्याभोवती फिरतात, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून ते वलय जगाने पाहिले आहे. पण वादकाने श्वास आवरून जे साठवले ते तो स्वतःपाशी ठेवत नाही, क्षणोक्षणी त्या वलयाला देऊन टाकतो. आणि त्या स्वराची पोच, एकमेकांना धरून नाचणाऱ्यांच्या नात्याची जेवढी पोच आहे, तिच्या फारशी पलीकडे जात नाही. आवाजाची पोच नात्याच्या पोचेपलीकडे गेली की ज्याला साद घातली नाही त्याच्याही कानावर ती आदळते, आणि तेथे तिचा हुकूम होतो.

तलासरी-डहाणूच्याच जिल्ह्यात, सोपाऱ्याला, 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच मालिकेतील बारावा लेख, जो गिरनारच्या खडकावर वाचायला मिळतो, सर्व संप्रदायांच्या उत्कर्षाचे मूळ 'वचिगुती', म्हणजे वाणीचा संयम, यात आहे असे सांगतो; आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा अकारण करू नये, आणि प्रसंग आलाच तर ती सौम्य असावी, असा त्याचा आशय आहे. या लेखाचा मोठेपणा असा की, स्वतःला आवरून वाचलेली जागा राजा दुसऱ्याच्या धर्माला देतो, आणि त्याने आपलाही धर्म वाढतो असे म्हणतो. संयमाच्या शिलकीचा याहून चोख हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही. बुद्धाने सोण या भिक्षूला वीणेच्या तारांचा दृष्टांत दिला तो प्रसिद्ध आहे. तार फार ताणू नये, फार सैल सोडू नये. परंतु तार बरोबर लागल्यावर वीणा कोणासाठी वाजते, हेही विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर अशोकाच्या खडकावर आहे.

मांडवातल्या तरुणाने शेवटी काय केले, ते सांगून मी हे संपवतो. त्याने परत दिलेल्या 8 डेसिबलपैकी 5 काढून घेतले, मायक्रोफोन धवलेरीच्या ओठांपासून वीतभर अंतरावर आणला, आणि मांडवाबाहेर तोंड केलेला कर्णा बंद केला. आता शब्द स्पष्ट होते, विरामांत पुन्हा विराम ऐकू येत होता, पण कडेच्या माणसांना थोडे कमीच ऐकू जात होते. कोणी तक्रार केली नाही. काही वेळाने मागच्या रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्या उठल्या, पोरांना काखेला मारून पुढे आल्या, आणि चौकाजवळ रिकाम्या जागेत बसल्या. मग त्यांच्यामागून आणखी काही जण आले. धवलेरीने त्यांच्याकडे पाहिले, बसायला जागा व्हावी म्हणून स्वतः थोडी सरकली, आणि पुढचे धवले सुरू केले.