वर्गणीदाराची जागा कोणती?

डिसेंबर २०१५ च्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या संघराज्य न्यायालयात एक दावा दाखल झाला. वादी होते पॅरामाउंट आणि सीबीएस, म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा-मालिकेचे मालक. प्रतिवादी होते ॲलेक पीटर्स आणि त्यांची ‘ॲक्सनार प्रॉडक्शन्स’ ही संस्था. ‘स्टार ट्रेक’च्याच विश्वातली कथा घेऊन ती पूर्ण लांबीचा चित्रपट काढायला निघाली होती आणि त्यासाठी चाहत्यांकडून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली होती. खटला वर्षभर चालला, वकिलांनी जाडजूड कागदपत्रं सादर केली, वर्तमानपत्रांनी मथळे दिले. ज्या हजारो माणसांच्या पैशांवर हे सारं उभं राहिलं, त्यांना मात्र या दाव्यात कुठेच स्थान नव्हतं. ते वादी नव्हते, प्रतिवादी नव्हते, साक्षीदारही नव्हते. पुढे त्यांच्यातल्या काहींनी पैसे परत मागितले, तेव्हा ते नेमके कोणाकडे मागायचे, हाच पहिला प्रश्न उभा राहिला. मला हा प्रश्न एका चित्रपटापेक्षा फार मोठा वाटतो.

हे चाहते कोण आहेत, ते आधी पाहायला हवं. १९६६ साली एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका दुसऱ्या वर्षाअखेर बंद पडण्याच्या बेतात होती. बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याच्या पुढाकाराने प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि वाहिनीने तिसरं वर्ष मंजूर केलं. १९६९ मध्ये मालिका संपली, पण चाहत्यांची हस्तलिखितवजा मासिकं, संमेलनं, घरी शिवलेले गणवेश यांनी ती जिवंत ठेवली. दहा वर्षांनी ती मोठ्या पडद्यावर आली त्यामागे या माणसांची निष्ठा होती. पुढे कॅमेरे स्वस्त झाले आणि चाहते स्वतःच भाग चित्रित करू लागले. ‘न्यू व्हॉयेजेस’ या अशाच एका उपक्रमात मूळ मालिकेतले वॉल्टर कोनिग आणि जॉर्ज ताकेई यांनीही काम केलं. स्टुडिओने हे वर्षानुवर्षं चालू दिलं. लेखी परवानगी कोणाला नव्हती आणि मनाईही कोणी केली नव्हती. नफा कमवायचा नाही, एवढा अलिखित संकेत दोन्हीकडून पाळला जात होता.

पैसा लहान होता तोवर हा संकेत टिकला. २०१४ साली आलेला ‘प्रील्यूड टू ॲक्सनार’ हा सुमारे वीस मिनिटांचा लघुपट पाहिला, की संकेताची शिवण कुठे उसवली ते कळतं. रिचर्ड हॅच, टोनी टॉड, केट व्हर्नन, गॅरी ग्रॅहम हे मुरलेले अभिनेते त्यात होते आणि दृश्य-परिणाम व्यावसायिक तोडीचे होते. त्याच वर्षी ‘किकस्टार्टर’ या क्राउडफंडिंगच्या, म्हणजे लोकवर्गणीच्या, संकेतस्थळावर मुख्य चित्रपटासाठी सुमारे साडेआठ हजार लोकांनी ६ लाख ३८ हजार डॉलर दिले. पुढच्या वर्षी ‘इंडीगोगो’ या तशाच संकेतस्थळावर आणखी साडेपाच लाखांच्या वर जमले. कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेन्सिया इथे गोदाम भाड्याने घेऊन स्टुडिओ उभारण्याचं काम सुरू झालं. चाहत्यांचा हौशी उपक्रम आता निर्मितीसंस्थेसारखा दिसू लागला आणि मालकांना तो आपल्या दारातला प्रतिस्पर्धी वाटला.

दाव्यात मालकांनी गणवेश, जहाजं, पात्रं यांच्यापासून क्लिंगॉन या कल्पित भाषेपर्यंत अनेक गोष्टींवर हक्क सांगितला. भाषेवर कोणाचा स्वामित्वहक्क असू शकतो का, हा त्यातला सर्वांत रंजक प्रश्न होता. भाषानिर्मात्यांच्या एका संस्थेने त्याविरुद्ध न्यायालयाला निवेदनही दिलं, पण त्यावर निर्णय झालाच नाही. मे २०१६ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या चित्रपटांचे दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनी चाहत्यांच्या एका कार्यक्रमात दावा मागे घेतला जाईल, असं जाहीर केलं, तरी तो चालूच राहिला. जानेवारी २०१७ च्या आरंभी न्यायमूर्ती क्लाउसनर यांनी ‘फेअर यूज’चा, म्हणजे वाजवी वापराचा बचाव फेटाळला. पैसे न कमावता केलेली, प्रेमापोटी केलेली निर्मिती म्हणून ॲक्सनारला सूट मिळणार नव्हती. ज्युरीसमोरची सुनावणी महिनाअखेर होती. तिच्या आधीच, २० जानेवारीला, तडजोड झाली. ॲक्सनारची कथा फार तर पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन भागांत सांगायची, त्यावर जाहिराती घ्यायच्या नाहीत आणि त्यासाठी लोकांकडून जाहीरपणे पैसे गोळा करायचे नाहीत. वर्गणीदारांना कबूल केलेला पूर्ण लांबीचा चित्रपट त्या दिवशी कायमचा संपला.

त्याआधी, जून २०१६ मध्ये, स्टुडिओने सर्वच चाहत्यांसाठी नियम जाहीर केले होते. एका कथेला पंधरा मिनिटं, दोन भाग मिळून तीस. वर्गणीची मर्यादा पन्नास हजार डॉलर. ‘स्टार ट्रेक’मध्ये पूर्वी काम केलेल्या कलावंतांना मज्जाव. वर्षानुवर्षं जे मूकपणे चालत आलं, ते आता कलमवार लिहिलं गेलं. मात्र वर्गणी देणाऱ्याला हिशेब कोणी, कधी द्यायचा, याबद्दल त्या नियमांत एक ओळही नाही. मालकांनी आपली मालमत्ता राखली, निर्मात्यांनी तीस मिनिटं राखली. देणाऱ्याच्या वाट्याला काहीच आलं नाही.

आता परतफेडीचा प्रश्न. किकस्टार्टरवर उद्दिष्ट पूर्ण झालं की कंपनी आपले पाच टक्के कापून घेते, बाकी रक्कम निर्मात्याच्या हाती जाते आणि कंपनीचा व्यवहार तिथे संपतो. आपण दुकान नाही, असं कंपनीने २०१२ मध्येच स्पष्ट केलं होतं. ॲक्सनारच्या वर्गणीच्या वेळी लागू असलेल्या अटींत, कबूल केलेली भेटवस्तू देता आली नाही तर पैसे परत करावेत, असं बंधन निर्मात्यावर होतं. त्यानंतर काही आठवड्यांतच अटी बदलल्या. नव्या अटींनुसार काम अडलं तर निर्मात्याने खर्चाचा तपशील सांगावा आणि उरलेले पैसे प्रमाणशीर परत करावेत, किंवा ते वापरून काम दुसऱ्या कोणत्या रूपात पूर्ण करणार ते सांगावं. कागदावर हे चांगलंच आहे. पण पैसे भाड्यात, सेटमध्ये, साहित्यात गेलेले असतील तर उरणार काय आणि मिळणार काय? पन्नास डॉलरसाठी वकील कोण करणार? कार्डाचा व्यवहार उलटवण्याची मुदत तर कधीच संपलेली असते.

सरकारचा हातही इथे फार लांब पोचत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने क्राउडफंडिंगबाबत पहिली कारवाई केली ती २०१५ साली, एका बैठ्या खेळाच्या प्रकरणात. १,२४६ लोकांनी १ लाख २२ हजार डॉलर दिले होते आणि खेळ छापण्याऐवजी बराच पैसा आयोजकाच्या खासगी खर्चात गेला, असा आरोप होता. लाखाच्या वर रकमेचा हुकूमनामा झाला, पण आयोजकाची ऐपत नाही म्हणून वसुली स्थगित राहिली. उघड फसवणुकीच्या आरोपातही पैसे असे अडकतात. ॲक्सनारसारख्या प्रकरणात तर चित्रपट करायची इच्छा खरी, सेट खरे, लघुपटही खरा. तिथे परतफेडीची मागणी मांडणं आणखी अवघड.

‘वर्गणी म्हणजे दान, दिलं ते दिलं,’ असं यावर म्हटलं जातं. कलेला पैसे देणाऱ्याने धोका पत्करलेलाच असतो, हे मला मान्य आहे. चित्रपट रटाळ निघेल, वर्षभर उशिरा येईल, नट आजारी पडेल, हे धोके देणाऱ्यालाही कळतात. दुसऱ्याच्या मालकीच्या कथेवर चित्रपट काढण्याचा धोका वेगळ्या जातीचा आहे. मालकाने आज डोळेझाक केली म्हणून उद्याही करेल याची खात्री नाही. हे तपासण्याची, मालकाकडे लेखी विचारण्याची आणि नकार आल्यास थांबण्याची ताकद फक्त पैसे गोळा करणाऱ्याकडे असते. ज्याच्या हाती तपासणं होतं, त्यानेच त्या धोक्याचा भार उचलला पाहिजे. तो भार निष्ठावंत चाहत्याच्या खिशावर टाकून त्याला वर ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं ऐकवणं अन्यायाचं आहे.

लोकांच्या छोट्या रकमांतून मोठा चित्रपट होऊ शकतो, याचं उदाहरण आपल्याकडे आहे. १९७६ साली श्याम बेनेगल यांनी ‘मंथन’ केला तो गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांवर. पटकथा विजय तेंडुलकरांची होती आणि स्मिता पाटील तिच्यातल्या कणखर गवळणीच्या भूमिकेत होत्या. २०२४ मध्ये त्याची नवी, दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. तो उपक्रम तरला त्यामागे मला दोन कारणं दिसतात. कथा पैसे देणाऱ्यांच्या स्वतःच्या आयुष्याची होती, तिच्यावर बाहेरून कोणी मालकी सांगायला येणार नव्हतं. आणि देणारे एका सहकारी संस्थेचे सभासद होते. गावची दूधसंस्था, वरचा संघ, त्यावरचा महासंघ अशी साखळी त्यांच्यामागे होती, निवडून दिलेले पदाधिकारी होते आणि लेखापरीक्षण होतं. पैसा देणारा माणूस त्या व्यवहारात एकटा पडलेला नव्हता.

महाराष्ट्राच्या सहकाराचे दोष आपण रोज पाहतो, तरी वार्षिक सर्वसाधारण सभेचं मोल विसरून चालणार नाही. तिथे एका भागाचा सभासदही उभा राहून विचारू शकतो, की हा खर्च कशासाठी झाला. अध्यक्षांना उत्तर द्यावं लागतं, न दिलं तर तक्रारीला निबंधक असतो. क्राउडफंडिंगमधल्या वर्गणीदाराला यातलं काहीच मिळत नाही. वस्तू विकत घेतली नाही म्हणून ग्राहकाचं संरक्षण नाही, भांडवल गुंतवलं नाही म्हणून भागधारकाचा हक्क नाही, आणि निव्वळ देणगी म्हणावी तर बदल्यात भेटवस्तूचं वचन दिलेलं असतं. तिन्ही चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत तो उभा असतो आणि त्या रिकामेपणाचा फायदा इतर सर्वांना होतो.

ही जागा भरायला फार मोठा कायदा लागणार नाही. दुसऱ्याच्या निर्मितीवर आधारलेल्या उपक्रमासाठी पैसे मागताना हक्कधारकाची लेखी परवानगी आहे की नाही, हे पहिल्या ओळीत सांगणं सक्तीचं करावं. मोठी रक्कम एकरकमी देण्याऐवजी टप्प्याटप्प्याने द्यावी आणि आधीच्या टप्प्याचा हिशेब प्रसिद्ध झाल्याशिवाय पुढचा हप्ता सुटू नये. कज्जा उभा राहिला, की त्या दिवशी शिल्लक असलेली रक्कम गोठवून देणाऱ्यांना विचारावं, की थांबायचं की पुढे जायचं. आणि हक्कधारकाने तडजोड करताना वर्गणीदारांचा एक प्रतिनिधी टेबलावर बसवावा, कारण ज्या पैशाने वाद पेटला तो त्यांचा आहे.

ॲक्सनारचे पैसे परत मागणाऱ्यांना ‘गद्दार चाहते’ म्हणून हिणवणं मला मुळीच पटत नाही. पत्रं लिहून मालिका वाचवणारे आणि हिशेब मागणारे एकाच निष्ठेचे आहेत. लोकांच्या प्रेमावर काही उभारायचं असेल तर त्या लोकांना सभासद मानावं लागेल. आणि सभासदाला ‘माझ्या पैशाचं काय झालं?’ असं विचारण्याचा हक्क पहिल्या रुपयापासून, पहिल्या डॉलरपासून असतो. तो मान्य नसेल, त्याने लोकांपुढे हात पसरू नये.